दत्तकाची फाईल कोर्टातून कलेक्टर कचेरीत: बाल न्याय कायद्यातल्या दुरुस्तीचा एक प्रकरण अभ्यास

२०२२ च्या सप्टेंबरात दत्तक घेऊ पाहणाऱ्या अनेक जोडप्यांपुढे एक विचित्र पेच उभा राहिला. मूल घरी येऊन रुळलेलं, कोर्टात अर्ज दाखल झालेला, कुणाची पुढची तारीखही लागलेली. आणि कळलं काय, तर १ सप्टेंबरपासून बाल न्याय कायद्यातली दुरुस्ती लागू झाली असून दत्तकाचा आदेश यापुढे कोर्ट देणार नाही, जिल्हाधिकारी देणार. नव्या अर्जांचं एक वेळ ठीक आहे. पण जे अर्ज आधीच कोर्टात होते त्यांचं काय? ३० सप्टेंबरला राज्याच्या महिला व बालविकास खात्याचं पत्र जिल्ह्याजिल्ह्यांत गेलं: प्रलंबित प्रकरणंही जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्ग करा. मुंबईतलं एक जोडपं उच्च न्यायालयात गेलं. १० जानेवारी २०२३ ला न्या. गौतम पटेल आणि न्या. शिवकुमार डिगे यांच्या खंडपीठाने प्रलंबित प्रकरणं वर्ग करायला अंतरिम मनाई केली. ज्या न्यायाधीशांपुढे ती होती, त्यांनीच ती पुढे चालवावीत असं सांगितलं.

या प्रकरण अभ्यासाचा विषय म्हणजे हे चारेक महिने आणि त्यांच्या मागेपुढे जे घडलं ते. सही न्यायाधीशांची की कलेक्टरांची, एवढ्यावरच तेव्हा चर्चा झाली. माझ्या मते मुद्दा वेगळा होता. जो उशीर कमी करायचा म्हणून कायदा बदलला, त्यातला फार थोडा कोर्टात होता. बाकीचा आधीच्या टप्प्यांवर साचलेला होता, आणि ते टप्पे सांभाळणाऱ्या यंत्रणेवर दुरुस्तीने आणखी काम टाकलं.

फाईल तयार कशी होते ते पाहिल्याशिवाय हे उमगणार नाही. नमुन्यादाखल टाकून दिलेलं एक अर्भक धरू. एसटी स्टँडवर सापडलं असेल, नाहीतर शिशुगृहाबाहेरच्या पाळण्यात कुणी ठेवून गेलं असेल. २४ तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं. समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक स्त्री. अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे. समिती बाळाला विशेष दत्तक संस्थेच्या ताब्यात देते. मग आईवडिलांचा शोध सुरू होतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ७२ तासांत वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात द्यायची. तुम्ही-आम्ही ती आतल्या पानावर पाहिलेली असते: पासपोर्टएवढा फोटो, बाळाचं संस्थेने ठेवलेलं नाव, सापडल्याची तारीख, आणि 'हक्क सांगणाऱ्यांनी संपर्क साधावा'. पोलिसांनी शोध न लागल्याचा अहवाल द्यायचा, कक्षाच्या सामाजिक कार्यकर्त्याने सामाजिक तपासणी अहवाल लिहायचा. बाळ दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत, त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत समितीने त्याला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करायचं. या निर्णयाला समितीच्या किमान तीन सदस्यांची संमती लागते. ही तीनची अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथून पुढचं काम बरंचसं ऑनलाइन चालतं. संस्था बाळाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या, केअरिंग्ज पोर्टलवर चढवते. रांगेत असलेल्या पालकांना त्या बाळाची माहिती जाते, आणि ४८ तासांत त्यांना होय की नाही ते कळवावं लागतं. होय म्हटलं की भेट, संस्थेच्या दत्तक समितीची बैठक, आणि मग बाळ दत्तकपूर्व संगोपनासाठी पालकांच्या घरी. संस्था अर्ज दाखल करते ती यानंतर. बाळ तोवर नव्या घरात आलेलं असतं. कायद्याने मात्र ते अजून त्या घरचं नसतं.

जुन्या पद्धतीत हा अर्ज जिल्हा न्यायालयात जाई. मुंबईत सिटी सिव्हिल कोर्टात किंवा उच्च न्यायालयात. सुनावणी बंद दालनात. कलम ६१ प्रमाणे न्यायाधीशांनी तीन गोष्टी पाहायच्या: दत्तक बाळाच्या हिताचं आहे ना, मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा विचारात घेतली का, आणि कुठे पैशाची देवाणघेवाण तर झाली नाही ना. मुदत दोन महिने. दुरुस्तीनंतर हे कलम जवळपास जसंच्या तसं राहिलं. 'न्यायालय' काढून तिथे 'जिल्हादंडाधिकारी', म्हणजे जिल्हाधिकारीच, आले, आणि व्याख्येत अपर जिल्हादंडाधिकारीही धरले गेले. दोन महिन्यांची मुदत कायम. म्हणजे कोर्टाला जे दोन महिन्यांत जमत नव्हतं ते कलेक्टर कचेरीला दोन महिन्यांत जमेल, असा हा हिशेब होता. कलेक्टर कचेरीत कधी एखादा दाखला काढायला गेलेल्या माणसाला इथे हसू आलं तर दोष त्याचा नाही.

इथे एक खुलासा केलेला बरा, कारण आपल्याकडे गल्लत नेहमी होते. हे सगळं बाल न्याय कायद्याखालच्या दत्तकाबद्दल आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली नात्यागोत्यात होणारं, दत्तकपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं दत्तक या दुरुस्तीने बदललं नाही. बाल न्याय कायद्याची वाट मात्र कुठल्याही धर्माच्या माणसाला खुली आहे. २०१४ च्या शबनम हाश्मी निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं.

सरकारला हा बदल का करावासा वाटला? कोर्टातला उशीर हे सांगितलेलं कारण. हाच बदल सुचवणारं विधेयक २०१८ च्या ऑगस्टमध्येही लोकसभेत आलं होतं. त्यात आकडा दिला होता: २० जुलै २०१८ रोजी देशभरातल्या कोर्टांत दत्तकाची ६२९ प्रकरणं प्रलंबित. ते विधेयक लोकसभेबरोबर बारगळलं. २०२१ च्या मार्चमध्ये नवं आलं, जुलैअखेर राज्यसभेत मंजूर झालं आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२२ पासून, अमलात आलं.

दुसरं कारण जास्त गंभीर होतं आणि त्याचा एक धागा मुंबईतून जातो. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने बिहारमधल्या निवारागृहांची सामाजिक तपासणी करून २०१८ मध्ये सरकारला अहवाल दिला, आणि मुजफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर चाललेले अत्याचार उघडे पडले. ते गृह सरकारी पैशावर चालत होतं. तिथे समितीचे लोक जात होते, तपासणीचे शेरेही पडत होते. जिल्ह्यात याची जबाबदारी नक्की कुणाची, हा प्रश्न तेव्हा देशभर विचारला गेला. २०२१ च्या दुरुस्तीने उत्तर दिलं: कलेक्टरची. जिल्हा बाल संरक्षण कक्ष त्यांच्या देखरेखीखाली, आणि बाल कल्याण समितीने आपल्या कामाचा अहवाल त्यांना द्यायचा. समितीच्या कामाचा तिमाही आढावा आणि समितीविरुद्धच्या तक्रारी तर २०१५ च्या मूळ कायद्यापासूनच त्यांच्याकडे होत्या. हा भाग मला पटतो. जिल्ह्यात पोलीस, आरोग्य, शिक्षण या सगळ्यांना एका टेबलावर बसवू शकेल असा दुसरा अधिकारी नाही.

पण देखरेख आणि निवाडा या दोन गोष्टी एकाच हातात गेल्या, तिथे गाठ पडली. आधी फाईल जिल्ह्याची यंत्रणा तयार करायची आणि तपासायचं बाहेरचं माणूस, म्हणजे न्यायाधीश. आता संरक्षण कक्ष कलेक्टरांच्या हाताखाली, समितीच्या कामाचा आढावा त्यांच्याकडे, आणि या दोघांनी बनवलेल्या फाईलवर अंतिम आदेशही त्यांचाच. आदेशाविरुद्ध अपील विभागीय आयुक्तांकडे, ३० दिवसांत. तेही महसूल प्रशासनातच. कोर्टात संस्थेचा वकील उभा राही, न्यायाधीश कागद उलटून विचारत की पोलिसांच्या अहवालावर तारीख का नाही, ही सही कुणाची. हे प्रश्न नव्या व्यवस्थेत कुणी विचारायचे? नियमाप्रमाणे संरक्षण कक्षाने. म्हणजे ज्या कक्षाने सामाजिक तपासणी अहवाल लिहिला त्याच कक्षाने फाईलची छाननी करून ती वर पाठवायची.

आणि हा कक्ष म्हणजे कोण? संरक्षण अधिकारी, विधी व परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, लेखापाल. बहुतेक जण कंत्राटी. आधी एकात्मिक बाल संरक्षण योजनेतून, आता मिशन वात्सल्यमधून मानधन घेणारे. बालविवाह थांबवायला हेच जातात, बालसंगोपन योजनेच्या अर्जांची गृहभेट हेच करतात, कोविडमध्ये आईवडील गेलेल्या मुलांच्या याद्याही यांनीच केल्या. कायद्याने दत्तकाच्या कागदपत्रांची जोखीम यांच्यावर टाकली. त्याच कायद्याने माणसं वाढवली असती तर निदान तक्रारीला जागा राहिली नसती.

आता प्रलंबित प्रकरणांकडे येऊ, कारण त्या चार महिन्यांत सर्वाधिक हाल तिथेच झाले. संसदेने मंजूर केलेल्या दुरुस्तीत कोर्टातल्या चालू अर्जांचं काय करायचं ते नव्हतं. ते आलं नंतरच्या आदर्श नियमांत: कोर्टापुढची सर्व दत्तक प्रकरणं जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे वर्ग होतील. संसदेने न सांगितलेली इतकी मोठी गोष्ट नियमांतून करावी का, हा प्रश्न वकिलांना सहज सुचला. पालकांचे प्रश्न घरगुती होते. अर्ज वर्ग झाला म्हणजे सगळं पहिल्यापासून करायचं का? गृहभेट अहवाल जुना झाला तर? आदेश नाही म्हणून जन्मदाखल्यावर पालकांचं नाव नाही, दाखला नाही म्हणून शाळेचा प्रवेश अडतो, मूल दवाखान्यात दाखल असेल तर विमा कंपनी कागद मागते. अशा तक्रारी तेव्हा बातम्यांतून येत होत्या. देशभरातल्या प्रलंबित प्रकरणांचा आकडा हजाराच्या घरात सांगितला जात होता. काही ठिकाणी तर न्यायाधीश म्हणत होते की आमचा अधिकार गेला, आणि कलेक्टर कचेरी म्हणत होती की आम्हाला अजून काही आलेलं नाही. मधल्या मध्ये फाईल.

उच्च न्यायालयात याहून खोल मुद्दाही होता. दत्तकाच्या आदेशाने मुलाचं कायद्यातलं स्थान बदलतं: कलम ६३ प्रमाणे ते दत्तक पालकांपोटी जन्मल्यासारखंच होतं, वारसाहक्कासकट. उद्या चुलत्याने वाड्याच्या वाटणीत वाद काढला तर हातात दिवाणी न्यायालयाचा आदेश असणं आणि महसुली अधिकाऱ्याचा आदेश असणं यात फरक पडेल की नाही? कायदा म्हणतो पडू नये. पण सातबाऱ्यावरच्या नोंदीसाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या समाजात पालकांना ही धास्ती वाटली, तर ती अनाठायी म्हणता येणार नाही. न्यायनिवाड्याचं काम प्रशासनाकडे देता येतं का, हा घटनात्मक प्रश्नही याचिकेत होता, आणि केंद्रीय कायद्याच्या वैधतेलाच आव्हान असल्याने देशाच्या महान्यायवादींना नोटीस काढणं भाग होतं. जानेवारीतल्या अंतरिम आदेशाने एवढं झालं की ज्यांचे अर्ज कोर्टात होते त्यांना पुन्हा नव्या दारात उभं राहावं लागलं नाही.

तर मग उशीर नेमका कुठे होता? ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे दुरुस्ती लागू होण्याच्या तोंडावर, कायदा व न्यायविषयक संसदीय स्थायी समितीचा पालकत्व आणि दत्तक कायद्यांचा आढावा घेणारा अहवाल आला. त्यातले आकडे पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये नोंदणी करून थांबलेले इच्छुक पालक २७,९३९. संस्थांमध्ये राहणारी आणि दत्तक देता येतील अशी अनाथ, टाकलेली, स्वाधीन केलेली मुलं ६,९९६. त्यांतली समित्यांनी कायदेशीररीत्या मुक्त घोषित केलेली किती? २,४३०. म्हणजे साडेचार हजारांवर मुलं दत्तकाच्या रांगेत आलेलीच नव्हती. त्यांची फाईल कोर्टाच्या दारापर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. २०१८ च्या विधेयकातले ६२९ अर्ज याच्या शेजारी ठेवले की कळतं. पालकांना दोन-अडीच वर्षं थांबावं लागत होतं ते न्यायाधीशाच्या सहीसाठी नव्हे, मुलाची माहिती पोर्टलवर येण्यासाठी.

आणि ती का येत नव्हती? कधी संस्थाच नोंदणीबाहेर असते. कधी मूल बालगृहात ठेवून गेलेला बाप वर्षातून एकदा येतो, म्हणून ते 'पालक असलेलं' राहतं आणि तिथेच मोठं होतं. कधी पोलिसांचा अहवाल येत नाही. आणि कधी समितीवर तीन सदस्यच उरलेले नसतात. मघाची तीनची अट ती हीच. सदस्यांची मुदत तीन वर्षांची. मुदत संपून नव्या नेमणुका लांबल्या की शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे कार्यभार देतात. ती समिती आठवड्यातून ठरल्या दिवशी येते आणि तातडीची प्रकरणं उरकते: पळून आलेली मुलगी, बालकामगार, पोक्सोमधली पीडित. दोन महिन्यांचं बाळ शिशुगृहात सुखरूप असतं, दूध पीत असतं, म्हणून त्याची फाईल खाली जाते. कुणी मुद्दाम करत नाही हे. पण बाळाचं वय वाढत राहतं, आणि रांगेतले बहुतेक पालक दोन वर्षांखालचं बाळ मागतात.

दुरुस्तीतल्या आणखी एका बदलाची दखल इथे घ्यायला हवी, कारण दत्तकाशी तो थेट जोडलेला आहे आणि त्यावर फार थोडं बोललं गेलं. कलम ८६ बदलून तीन ते सात वर्षं शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र केले गेले. त्यात कलम ८१ येतं: मुलाची खरेदी-विक्री. म्हणजे एखाद्या नर्सिंग होममधून बाळ विकलं जातंय अशी खबर संरक्षण कक्षाने पोलिसांना दिली, तर या कलमाखाली पोलीस आपणहून गुन्हा नोंदवू शकत नाहीत. आधी दंडाधिकाऱ्याची परवानगी हवी. मानवी तस्करीचं कलम लावून मार्ग काढता येतो, आणि अनुभवी पोलीस अधिकारी तो काढतातही. पण एकीकडे कायदेशीर दत्तक सोपं करायचं म्हणायचं आणि दुसरीकडे बेकायदा बाजारावरचा पोलिसांचा हात सैल करायचा, याची संगती लावणं मला जमलेलं नाही. या बदलाला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलं.

समितीच्या सदस्यांवर झालेला परिणाम कागदावर दिसत नाही. न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेल्या समितीचा तिमाही आढावा जिल्हाधिकारी आधीपासून घेत होतेच, आता समितीने त्यांना अहवालही द्यायचा, म्हटल्यावर समिती स्वतंत्र किती? चांगले कलेक्टर आकडे विचारतात: किती मुलं आली, किती प्रकरणं चार महिन्यांहून जुनी, का. हे हवंच. पण एखाद्या सरकारी बालगृहातल्या त्रुटींवर समितीने कडक आदेश काढला, तर तो ज्या प्रशासनाला झोंबणार त्याच्याच प्रमुखापुढे आढाव्याला बसायचं असतं. याच दुरुस्तीने जिल्ह्यातल्या बालगृहाच्या व्यवस्थापनाशी संबंध असलेल्या माणसाला समितीवर यायला मनाई केली, हितसंबंध नकोत म्हणून. प्रशासनाच्या हितसंबंधांचा विचार तेवढ्याच काटेकोरपणे झाला असता तर बरं झालं असतं.

पुढे काय झालं? दत्तकांची संख्या वाढली, हे मान्य केलं पाहिजे. काराच्या आकड्यांप्रमाणे २०२३-२४ मध्ये ४,००९ आणि २०२४-२५ मध्ये ४,५१५ मुलं दत्तक गेली. तोवरच्या बारा वर्षांतला हा सर्वांत मोठा आकडा. याचं श्रेय कोर्ट वगळण्याला द्यायचा मोह सरकारला होणारच. पण त्याच वर्षाचा दुसरा आकडा पाहा: देशभर संस्था धुंडाळून नव्याने हुडकलेली ८,५९८ मुलं दत्तकाच्या रांगेत आणली गेली. जी मुलं बालगृहांच्या हजेरीपटावर नुसतीच नावं होऊन पडली होती, ती कुणीतरी जाऊन मोजली. या कामात कलेक्टर खरोखर उपयोगी पडतात. बालगृहाला भेट देणं, हजेरीपट मागणं, 'या मुलाला शेवटचं कोण भेटायला आलं होतं' असं विचारणं, पोलीस अधीक्षकांना अहवालासाठी फोन करणं: यातलं काहीही न्यायाधीश करू शकत नव्हते. यासाठी दत्तकाच्या आदेशाचा अधिकार कोर्टाकडून काढून घ्यायची मात्र गरज नव्हती. देखरेखीची कलमं तेवढी पुरली असती.

२०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या, आणि जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी. त्या काळात दोन महिन्यांची मुदत कशी पाळली गेली हे जिल्ह्याजिल्ह्यांत तपासण्याजोगं आहे, आणि ते तपासणं अवघड नाही: अर्ज दाखल झाल्याची तारीख आणि आदेशाची तारीख दोन्ही पोर्टलवर असतात. त्याच्या जोडीला तिसरी तारीख काढावी, मूल समितीपुढे पहिल्यांदा आलं ती. चौथी, समितीने त्याला मुक्त घोषित केलं ती. पहिल्या दोन तारखांमध्ये आठवडे मोजावे लागतील. शेवटच्या दोन तारखांमध्ये काही मुलांच्या बाबतीत वर्षं. आणि जिथे समितीवर तीन सदस्य नाहीत तिथे चौथी तारीख सापडणारच नाही. त्या नेमणुका राज्य सरकार निवड समितीच्या शिफारशीवरून करतं. जिल्हाधिकाऱ्यांना त्या करण्याचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीनेही दिलेला नाही.